बुधवारचे ठोके

१

दाराला बाहेरून कुलूप होतं आणि माझा फोन म्हणत होता की बाबा आत आहेत.

बाबा म्हणजे माझे सासरे, जगदेवराव शितोळे. वय एकोणऐंशी, रेल्वेचे निवृत्त गार्ड. जानेवारीपासून त्यांच्या मनगटावर एक घड्याळ आहे. वेळ सांगणं हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम. बाबा कुठे आहेत, किती पावलं चालले, ठोके किती, झोपलेत का, पडले तर नाहीत ना, हे सगळं ते माझ्या फोनवर कळवत असतं. आतच सिमकार्ड आहे, त्यामुळे त्यावर फोनही लावता येतो. बाबा त्याला ‘निरूची चहाडखोर बांगडी’ म्हणतात. निरू म्हणजे मी, निरुपमा.

त्या बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी शाळेतून घरी आले. एप्रिलचा महिना, बडोद्याचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, निजामपुऱ्याच्या बाजारात कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. फोनवर हिरवा ठिपका होता. ‘बाबा, घरी. ठोके ७२.’ मी कुलूप उघडलं आणि हाक मारली. उत्तर नाही. न्हाणीघर बघितलं, गॅलरी बघितली, पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. बाबा नव्हते. त्यांच्या चपला नव्हत्या. त्यांचा साधा फोन मात्र टीव्हीवर ठेवलेला होता.

मी पुन्हा फोन बघितला. ‘घरी. ठोके ७४.’

अहो, माझ्या डोक्याचा पार भुगा झाला! घर रिकामं, आणि त्या रिकाम्या घरात माझ्या सासऱ्याचं हृदय धडधडतंय!

मी घड्याळावर फोन लावला. रिंग जात होती, पण घरात कुठेच आवाज नाही. बाबांनी त्याचा आवाज पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकला होता, नुसतं थरथरतं. फोन कानाला लावूनच मी गॅलरीत गेले आणि वर बघून ओरडले, "सुभानकाका! बाबा तुमच्याकडे आलेत का?"

सुभानराव कदम आमच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर राहतात. निवृत्त स्टेशनमास्तर, वय ऐंशी. बाबांचे चाळीस वर्षांचे दोस्त. दोन वर्षांपासून त्यांना विसरायला होतं. हिंचक्याची, म्हणजे झोपाळ्याची, करकर थांबली आणि ते कठड्याशी आले. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेली. मुंगी चावल्यासारखा त्यांनी डावा हात झटकला.

"जगदेव? तो ड्यूटीवर गेलाय," ते म्हणाले.

ड्यूटीवर! निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली. काकांचं हे नेहमीचंच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. हिंचका परत करकरायला लागला.

मी घाबरले होते, ते उगीच नाही. जानेवारीत बाबा न्हाणीघरात कोसळले तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पूर्वपरीक्षेचे गणिताचे पेपर तपासत बसले होते. पाऊण तास! माझा सासरा पाऊण तास ओल्या फरशीवर पडून होता आणि मी अर्ध्या अर्ध्या गुणाचा विचार करत होते. हृदयाच्या नळ्यांमध्ये दोन स्टेंट घातले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असा उशीर झाला तर आमच्याकडे आणूही नका. त्यात साखरेचा आजार. सकाळी इन्सुलिन टोचलं की वेळेवर खायलाच हवं, नाहीतर साखर खाली जाते आणि माणूस जागच्या जागी आडवा होतो. एकट्याने बाहेर जायचं नाही, अशी मी त्यांना सक्त ताकीद दिली होती. घड्याळ त्यासाठीच आणलं होतं.

आणि आता ते घड्याळ मला सांगत होतं की सगळं मजेत चाललंय.

२

माझा नवरा अविनाश कंपनीच्या कामासाठी महिनाभर जामनगरला होता. त्याला घाबरवून उपयोग नव्हता. मी तळमजल्यावरच्या मंदामावशींचं दार वाजवलं.

मंदाकिनी दळवी, म्हणजे सगळ्या सोसायटीच्या मंदामावशी. वय चौऱ्याहत्तर. तेहतीस वर्षं परीक्षांच्या भरारी पथकात काढली. मोज्यातली चिठ्ठी, पट्टीवर कोरलेली सूत्रं, दुसऱ्याच्या नावावर पेपर द्यायला बसलेला डमी, सगळं त्यांनी पकडलंय. त्यांच्यासमोर माणूस खोटं बोलत नाही, कारण त्या गप्प बसून बडीशेप चावत राहतात आणि त्या शांततेत समोरच्याला घाम फुटतो.

"मावशी, बाबा घरी आहेत पण घरात नाहीत," मी म्हटलं.

"बस. पाणी पी. मग माणसासारखं सांग."

मी सांगितलं. त्यांनी बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली.

"शेवटचं कुणी बघितलं?"

"श्रद्धानं. साडेअकराला स्वयंपाक करून गेली असेल."

श्रद्धा आमच्याकडे सकाळी स्वयंपाकाला येते. गुणी पोरगी, पण त्या वेळी मला सगळ्यांचाच संशय येत होता. मी फोन लावला तर तिचा आवाज आधीच रडका. बाबांना ती काका म्हणते.

"ताई, काका बरे आहेत ना?"

"ते मी तुला विचारतेय! घड्याळ कुठाय त्यांचं? तू घेतलंस का?"

"आई शप्पथ नाही, ताई! मी निघाले तेव्हा हातात होतं. पेपर वाचत होते."

मावशींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "श्रद्धा, मी मंदामावशी. आज काय स्वयंपाक केलास?"

मला वाटलं, म्हातारीला वेड लागलं. इथे माणूस गायब आणि ही भाजी विचारतेय.

मग श्रद्धा म्हणाली, "काकांनी सांगू नको म्हणून सांगितलंय."

मावशी काही बोलल्या नाहीत. नुसता चावण्याचा आवाज. फोनवरसुद्धा ती युक्ती चालली.

"ताईंची पोळीभाजी केली. आणि गुरगुट्या भात. मेतकूट, साजूक तूप घालून. दर बुधवारी करायला लावतात. डब्यात भरून ठेवायचा, वर काकांच्या दोन पोळ्या."

"खोटं बोलतेय," मी फोन ठेवल्यावर म्हटलं. "बाबांना गुरगुट्या भात बघवतसुद्धा नाही. आजाऱ्याचं जेवण म्हणतात. माझ्या बाळंतपणात वास आला तरी उठून जायचे."

"डबा घरात आहे?"

मी वर धावले. डबा नव्हता. आणि तेव्हा मला एक आठवलं. बाबा जेवले की डबा मोरीत तसाच पडलेला असतो, त्यावरून आमची रोज खडाजंगी. पण मधूनमधून तो घासून, पुसून, पालथा घातलेला मिळायचा. मी समजायचे, चला, सुधारले. खाली येऊन मावशींना सांगितलं.

"कुठल्या वारी मिळायचा?"

मी बोटं मोजली. त्या दिवशी शाळेत माझा शेवटचा तास मोकळा असतो, म्हणून नीट लक्षात होतं. "बुधवारी," मी म्हटलं.

मावशी चष्मा लावून पुढे सरकल्या. "आता मला ती उत्तरपत्रिका दाखव."

"कुठली?"

"घड्याळाची, बाई. काय लिहिलंय त्यानं आज दिवसभर?"

३

मी फोनवर आलेख काढून दिला. ठोक्यांची लाल रेघ, खाली पावलांचे निळे खांब. मावशींना स्मार्टफोनचं काही कळत नाही, पण कागद वाचण्यात मुरलेली बाई ती. नाकाला फोन लावून पाच मिनिटं बघत राहिल्या.

"कालचं दाखव. परवाचं. मागचा बुधवार. त्याच्या मागचा." मग फोन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "निरू, हे दोन हातांचं अक्षर आहे."

"म्हणजे?"

"जगदेवराव दुपारी झोपतात?"

"छे! चाळीस वर्षं मालगाडीवर गार्ड होते. दिवसा डोळा लागणं म्हणजे त्यांना पाप वाटतं."

"मग हे बघ. एक ते सव्वादोन, रेघ अगदी खाली. ठोके अठ्ठावन्न. हा माणूस गाढ झोपलाय. आज झोपला, गेल्या बुधवारी झोपला, त्याच्या आधीच्या बुधवारी झोपला. बाकी एकाही दिवशी नाही."

मला तोंड लपवावंसं वाटलं. कारण ती झोप मी बघितली होती. शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून बघितली होती आणि खूश झाले होते, की बाबा अखेर विश्रांती घ्यायला लागले. मी म्हटलं, "पण मावशी, घड्याळ तर इथेच आहे. ठिपका बघा."

"ठिपका मजला सांगतो का?"

सांगत नाही. हे माझ्या, गणिताच्या मास्तरणीच्या, डोक्यात आलं नव्हतं. इमारतीत खाली-वर कुठेही असलं तरी ते ‘घरी’च दाखवणार.

"म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे?"

"डमी बसलाय," मावशी म्हणाल्या. त्या शब्दाला त्यांच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं. "जगदेवराव परीक्षेला गैरहजर, आणि त्यांच्या नावावर दुसराच कुणीतरी पेपर लिहितोय. आता कोण, ते बघू. साडेतीन ते चार वाजून दहा. पावलं सहाशे चाळीस. ठोके?"

"बहात्तर. त्र्याहत्तर."

"तू सहाशे पावलं चाललीस तर तुझे किती होतील?"

"शंभर तरी."

"ऐंशी वर्षांच्या माणसाचे?"

माणूस चालतोय, पण छातीला त्याचा पत्ता नाही! पावलं पडतायत आणि दम लागत नाही. वरून, दोन मजल्यांवरून, उन्हाच्या शांततेत आवाज येत होता. कर्र. कर्र. कर्र.

मावशींनी छताकडे बोट केलं.

"बसल्या जागी हात पुढे-मागे हलला की तुझं घड्याळ त्याला चालणं समजतं. या इमारतीत हिंचका किती जणांकडे आहे?"

फक्त एकाकडे. मला ती मुंगी आठवली. मी घड्याळावर फोन लावला होता आणि काकांनी हात झटकला होता. आणि या उकाड्यात मनगटापर्यंत बटणं!

मी जिना चढले तो दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत.

४

सुभानकाकांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं असतं. त्यांचा मुलगा पीयूष रिफायनरीत आहे, वडिलांना वाढून ठेवून सकाळी जातो तो रात्री येतो, आणि मोबाईल तिकडे गेटवरच जमा करावा लागतो. दुपारभर बाबांची आणि काकांची एकमेकांना सोबत, असा आम्हा दोन घरांचा न बोललेला करार होता.

काका हिंचक्यावर होते. मी सरळ त्यांच्या डाव्या बाहीचं बटण उघडलं. काळा पट्टा, निळा उजेड. ‘७५.’

"काका, हे तुमच्याकडे कसं आलं? बाबा कुठायत?"

"हे ड्यूटीचं आहे." त्यांनी हात पोटाशी धरला.

"द्या इकडे!"

"पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय चार्ज सोडता येत नाही, बाई!" त्यांचा आवाज चढला. फोनवर आकडा ९० झाला. "कोण तुम्ही? स्टेशनात कशा शिरलात?"

मी त्यांना हलवून हलवून विचारणार होते, खरं सांगते. बाबा कुठेतरी रस्त्यावर पडले असतील आणि हा माणूस नाटकं करतोय, असंच मला वाटत होतं. मावशींनी मला बाजूला केलं. पदर नीट केला आणि हिंचक्यासमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, इन्स्पेक्शन आहे. चार्ज बुक दाखवा."

काका ताबडतोब उठले. कपाटातून पक्क्या बांधणीची जुनी डायरी काढून दोन्ही हातांनी पुढे केली.

मावशींनी पानं उलटली आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. पाटीवर घोटल्यासारखं अक्षर. दर पानावर एक बुधवार. ‘११.४०. मनगटी घड्याळ एक, पट्ट्यासह, चालू स्थितीत. ताब्यात घेतले.’ खाली सुभानकाकांची सही. मग ‘२.३०. परत दिले,’ आणि बाबांची सही. असे नऊ बुधवार. आज दहावा. ११.४० आहे. दोन-तीस कोरं.

आता पाच वाजायला आले होते.

"गेलेत कुठे, काका? ते लिहिलं नाही का?" मला रडू फुटलं. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण आवाज एकदम मऊ झाला.

"अहल्या जेवली का?" त्यांनी विचारलं.

हा त्यांचा कायमचा प्रश्न. अहल्याकाकू म्हणजे त्यांची बायको. फेब्रुवारीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रियेनंतर गोत्री भागातल्या एका शुश्रूषा केंद्रात आहेत. काका दिवसातून वीस वेळा विचारतात आणि आम्ही सगळे एकच उत्तर देतो. मीही तेच दिलं, डोळे पुसत, "हो काका, जेवल्या."

मावशी डायरीवरून मान वर करून माझ्याकडे बघायला लागल्या.

"तुला कसं माहीत?"

"काय?"

"जेवल्या, हे तुला कसं माहीत? तू गेली होतीस?"

मी गेले नव्हते. दोन महिन्यांत एकदाही नाही. जाऊ जाऊ म्हणत राहिले.

मावशींनी पान माझ्यापुढे धरलं. प्रत्येक परतीच्या नोंदीसमोर एक शेरा होता, बाबांच्या तिरक्या अक्षरात. ‘जेवली. चार घास.’ ‘जेवली. चिडली.’ ‘जेवली. डावा पाय हलवला.’ ‘जेवली. तुला विचारलं.’

"गुरगुट्या भात आजाऱ्यासाठीच होता, निरू," मावशी म्हणाल्या.

५

मी केंद्राला फोन लावला. जिवात जीव आला होता, पण दोनच मिनिटांसाठी.

"जगदेवराव शितोळे म्हणून कुणी आलेत का? उंच, काठी आहे हातात."

"ना बेन," तिकडची बाई म्हणाली, "एवा कोई नथी आव्या. रजिस्टरमां नाम ज नथी."

"मागच्या बुधवारी?"

"कोई दिवस नथी आव्या, बेन."

कधीच आले नाहीत! मग नऊ बुधवार कुणाला भेटत होते? जेवली, चार घास, हे सगळं काय मनाचं लिहिलं? बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन, अंगात सकाळचं इन्सुलिन, आणि आता शोधायचं तरी कुठे?

मावशी डोळे मिटून बडीशेप चावत होत्या. मग स्वतःलाच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "बायकांचा वॉर्ड. रोज भेटायला कुणाला सोडतील? शेजाऱ्याला?"

"नवऱ्याला. नाहीतर मुलाला. पीयूषनं दोन पास केले होते, त्याचा आणि काकांचा. पण काकांना एकदाच नेलं, ते वॉर्डात गोंधळले, वाट चुकले, ओरडाआरडा झाला. तिथल्या लोकांनी पीयूषला सांगितलं, सोबत कुणी असल्याशिवाय आणू नका. पीयूषला रोज सुट्टी कुठली मिळणार."

"आणि तो पास आता कुठे आहे?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. "जगदेवकडे," ते म्हणाले, अगदी स्पष्ट. "तो ड्यूटीवर गेलाय ना."

"डमी एक नाही गं," मावशी म्हणाल्या, "दोन आहेत. इथे हा त्याच्या नावावर बसलाय, तिथे तो ह्याच्या नावावर. परत फोन लाव आणि नीट नाव विचार."

मी लावला. "सुभानराव कदम आलेत का?"

"सुभानकाका ने? हा, ए तो अहीं ज छे!" बाई एकदम घाईने बोलायला लागली. त्यांना चक्कर आली म्हणून झोपवून ठेवलंय. दोन वाजल्यापासून आम्ही त्यांच्या मुलाला फोन करतोय, मोबाईल बंद, काका दुसरा नंबरच देत नाहीत. तुम्ही कोण त्यांच्या? लवकर या, बेन.

दोन वाजल्यापासून. आणि पावणेतीनला मी स्टाफरूममध्ये फोन बघून मैत्रिणीला म्हटलं होतं, "आमचे बाबा आता कसे छान राहतात बघ."

६

रिक्षात आम्ही तिघं. काकांना एकटं सोडणं शक्य नव्हतं आणि ते घड्याळ सोडायला तयार नव्हते. मावशी त्यांना सांगत होत्या, "रिलीव्हर आला नाही तर मास्तरनं जाऊन चौकशी करायची असते." काका मान डोलावत होते. मी नुसती पुढे बघत होते. बाबा, फक्त दिसा, मग मी तुम्हाला बघते, असं काहीतरी पुटपुटत.

बाबा दिसले ते व्हरांड्यातल्या खाटेवर. डोळे उघडे, कपाळावर ओला नॅपकिन, शेजारी ग्लुकोजच्या पाण्याचा रिकामा पेला. डबा उशाशी, झाकण लावलेला, भरलेला. परिचारिका म्हणाली की साखर बावन्नवर गेली होती, आता ठीक आहेत.

मी तिथेच तोंडाचा पट्टा सोडला. व्हरांडाभर ऐकू गेलं असेल. "तुम्ही मेला असतात तर मला कळलं असतं का? माझ्या फोनवर तुमचे ठोके बहात्तर होते! बहात्तर! मी काय समजायचं?"

"बरोबरच होते ते," बाबा म्हणाले. आवाज खोल गेला होता. "सुभान्याची तब्येत चांगली आहे."

"बाबा!"

"चूक झाली, निरू. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

म्हणाले असते. दहादा म्हणाले असते.

"तुम्ही जेवला का नाहीत?" मावशींनी विचारलं.

"अहल्यावहिनी आज घासच घेईनात. म्हणाल्या, दर बुधवारी तुम्ही येता, त्यांचा निरोप सांगता. मला निरोप नको. ते आहेत की नाहीत, एवढं खरं सांगा." बाबांनी डबा हाताने बाजूला सारला. "सुभान्या असा रोज विचारतो जेवली का म्हणून, आणि त्याला काय सांगू, उपाशी ठेवून आलो? म्हटलं, त्या जेवतील तेव्हा आपण जेवू. बसून राहिलो. उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी."

"मग माझा नंबर का नाही दिलात?"

"तो दिला असता तर बुधवार बंद झाला असता."

परिचारिका आळीपाळीने दोन म्हाताऱ्यांकडे बघत होती. काकांना आणलं होतं त्या दिवशी ती नव्हती, पास बघून ती आजवर बाबांनाच आत सोडत आली होती. "तो आ सुभानकाका छे, के पेला?" सुभानकाका हे की ते, असं ती मला विचारत होती. मी काकांकडे बोट केलं. तिने कपाळावर हात मारून घेतला, आणि मग कुणालाच न विचारता वॉर्डाचं दार उघडलं.

काका आत गेले. मी मागे, हात धरायला. मला भीती होती की ओळखणार नाहीत. पाच पलंग ओलांडले आणि सहाव्याशी ते आपोआप थांबले. अहल्याकाकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या.

"अहल्या," काका म्हणाले, "जेवलीस का?"

काकूंनी मान वळवली. हात पुढे केला आणि काकांचं मनगट धरलं, नेमकं त्या घड्याळावरून.

त्याच क्षणी माझा फोन जिवाच्या आकांतानं ओरडायला लागला. सगळा वॉर्ड दचकला. पडद्यावर लाल पट्टी: ‘बाबा. ठोके ११८. हालचाल नसताना असामान्य वाढ. ताबडतोब संपर्क करा.’ मी घाईघाईने तो बंद केला. डोळ्यांपुढचा आकडा पुसट झाला होता. चार महिन्यांत त्या घड्याळाने पहिल्यांदाच मला खरी बातमी दिली होती, तीही भलत्याच माणसाच्या नावावर.

बाबा मावशींचा आधार घेऊन दारात आले. डबा माझ्या हातात दिला. भात गार झाला होता, परिचारिकेने गरम करून आणला. काकूंनी सहा घास घेतले. काकांनी भरवले आणि प्रत्येक घासाला विचारलं, "जेवलीस का?" काकू प्रत्येक घासाला म्हणाल्या, "जेवतेय हो." बाहेर बाबांनी गारढोण पोळ्या खाल्ल्या, मी समोर उभी राहून दोन्ही संपवायला लावल्या.

निघताना काकांनी पिशवीतून डायरी काढली. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. बाबांनी सही करायला हात पुढे केला, तेव्हा काकांनी डायरी मागे ओढली आणि त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू आजारी दिसतोस, जगदेव. आजारी माणसाला चार्ज देता येत नाही." मग माझ्याकडे वळले. "रिलीव्हर तुम्ही का?"

मी बाबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते, पण कान माझ्याकडे होते. मावशींनी बडीशेपेची डबी उघडली आणि चावायला सुरुवात केली.

त्याची गरज नव्हती. मी डायरी घेतली. ‘६.०५. मनगटी घड्याळ एक, पट्ट्यासह, चालू स्थितीत. ताब्यात घेतले,’ असं लिहून खाली सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘जेवली. सहा घास.’ मग पान उलटलं, पुढच्या बुधवारची तारीख घातली आणि लिहिलं, ‘जाणारे: सुभानराव, जगदेवराव, निरुपमा. शेवटचा तास मोकळा आहे, लवकर निघते. मी आल्याशिवाय कुणी हलायचं नाही.’

काकांनी ते दोनदा वाचलं. मग मनगटावरचा पट्टा सोडला आणि घड्याळ माझ्या हातात ठेवलं.